डिग्री हातात आहे, काम सांगता येतं का?

(अंबाजोगाई येथे पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

समोर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसलेत, मागच्या दोन रांगांत पालक दिसतायत, आणि बरेच जण हे नंतर वाचणार आहेत. त्या सगळ्यांना धरून बोलतो.

आयोजकांनी दिलेला विषय भारदस्त आहे: ‘बदलत्या नोकरीच्या बाजारात पदवीधरांना लागणारी रोजगारक्षम कौशल्ये’. ‘रोजगारक्षमता’ हा शब्द आपण घरात कधी वापरत नाही. घरात प्रश्न साधा असतो. चुलते येतात, चहा होतो, आणि विचारतात, “काय करायलास सध्या?” आपल्याकडे, म्हणजे अंबाजोगाई, परळी, केज, धारूर या पट्ट्यात, याचं उत्तर ठरलेलं आहे. “तयारी करायलोय.” कशाची तयारी, हे पुढं कुणी विचारत नाही. विचारलं तर अपमान वाटतो.

या ‘तयारी’ची आज चेष्टा करायची नाही, हे आधीच सांगतो. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचलेलं असतं. जमीन कोरडवाहू. अशा घराला सरकारी नोकरी म्हणजे दर महिन्याला येणारा पाऊस वाटतो आणि ते वाटणं खोटं नाही. पण आकडे एकदा समोर मांडून बघू. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेला दोनशेच्या वर उमेदवार. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा आणि अर्ज साधारण १७ लाख ७६ हजार. एका जागेमागे शंभर. शंभरातला एक आत जातो, त्याचा पेढा सगळ्या गावात वाटला जातो. उरलेल्या नव्व्याण्णवांनी काय केलं, हे कुणी विचारत नाही. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आणि जो एक निवडला जातो, त्यालाही यातलं बरंचसं लागणारच आहे.

दुसरा आकडा देशाचा. सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातला एकूण बेरोजगारीचा दर होता ३.२ टक्के आणि पदवीधरांमधला १३.४ टक्के. ऐकून वाटतं, शिकल्यामुळेच माणूस बेकार झाला. तसं नाही. या सर्वेक्षणात बेरोजगार म्हणजे जो काम शोधतोय आणि ज्याला मिळत नाही तो. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे, तो काम शोधत बसूच शकत नाही. सकाळी नाक्यावर उभा राहून मिळेल ते घेतो आणि आकडेवारीत ‘कामावर’ मोजला जातो. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढं एका प्रकारचं काम असतं आणि घरचे अजून थोडं थांबू देतात. ही थांबायची मुदत किती, आणि त्या काळात हातात काय येतं, हा खरा प्रश्न आहे.

तिसरा आकडा तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत असा अंदाज दिला होता की तरुणांपैकी ५१.२५ टक्केच रोजगारक्षम आहेत. म्हणजे दोघांतला एक. हे वाचून उरलेल्या अर्ध्या मुलांना काही येत नाही असा अर्थ आम्ही काढत नाही. मालकाच्या नजरेनं मोजलेली ती गोष्ट आहे. मालकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचं एक उदाहरण पुढं देतो.

त्याआधी जरा आपल्या गावाकडं वळू. कारण नोकरीचा बाजार बदलणं ही काही संगणकानं आणलेली नवी आपत्ती नाही. अंबाजोगाईनं हे आधीही पाहिलंय.

हे गाव मोमिनाबाद होतं तेव्हाची गोष्ट. इथं घोडदळाची छावणी होती, निजामाची राजवट होती आणि कचेरीची भाषा उर्दू होती. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तेच मुळी उर्दू माध्यमाचं. त्या काळी नोकरीलायक माणूस कोण? ज्याला उर्दू लिहिता-वाचता येतं तो. घरात मराठी, हिशेबाच्या जुन्या कागदांत मोडी आणि पोटासाठी उर्दू. मग १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत कचेरीची भाषाच बदलली. ज्यांनी आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं उर्दूत घातली, त्यांच्या कौशल्याचं काय झालं असेल, विचार करा. काही जण मागं पडले. काही टिकले. टिकले ते का? त्यांना उर्दूशिवाय आणखी काही येत होतं. सातबारा कसा वाचायचा, अर्जदाराचं म्हणणं नेमकं काय आहे, फाईल कुठं अडली आहे. भाषा बदलली तरी हे येत असलेला माणूस लागतच होता.

गंमत पुढंच आहे. मोडी गेली, ती आता फक्त इतिहासवाल्यांच्या कामाची, असं आपण सगळे धरून चाललो होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातले दस्त बाहेर काढले, तर ते मोडीत आणि उर्दूत! वाचणार कोण? तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्हाला जायचं नाही. सांगायचं एवढंच की अमुक कौशल्य मेलं आणि अमुक कायमचं राहणार, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा लांब राहा. आम्हीही तसं सांगणार नाही.

टायपिंगचं घ्या. एकेकाळी तीसची मराठी आणि चाळीसची इंग्रजी झाली की वडील निर्धास्त व्हायचे. टाइपरायटरची टकटक बंद झाली, परीक्षा संगणकावर आल्या. मग एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आलं. दोन हजारनंतर ते नसलेला उमेदवार सापडेना, आणि सगळ्यांकडं असलेल्या गोष्टीला बाजारात भाव राहत नाही. मग डीएड. त्याची आठवण मागच्या रांगेतल्या पालकांना असेल. २००० नंतरच्या दशकात गावोगाव डीएड कॉलेजं निघाली, लोकांनी जमिनी विकून प्रवेश घेतले, आणि २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले, पुढच्या वर्षी पात्रता परीक्षा आली. त्या पिढीतले कितीतरी जण आज दुकान, शेती, खासगी शिकवणी अशा कामांत आहेत. त्यांच्यात हुशारी कमी नव्हती. सगळे एकाच दाराशी उभे होते आणि दार बंद झालं, एवढंच.

आता त्या उदाहरणाकडं येतो.

आम्ही काही शिक्षक मिळून शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींची मुलाखतीची तयारी घेतो. खोटी खोटी मुलाखत असते, पण मुलं खरी घाबरतात. एक मुलगी आली, बीकॉमची. बायोडाटात ‘अनुभव’ पुढं लिहिलं होतं ‘नाही’. छंद, वाचन आणि गाणी ऐकणे. विचारलं, स्वतःबद्दल सांगा. तिनं नाव, गाव, वडिलांचं नाव, शिक्षण सांगितलं आणि गप्प. आई-वडील काय करतात? मान खाली. “शेती.” जरा वेळानं कळलं, ऊसतोडीला जातात. ती आजीजवळ राहून शिकली.

मग सहज विचारलं, उचलीचा हिशेब घरी कोण ठेवतं? म्हणाली, मीच ठेवते. आणि मग ती मुलगी जे बोलायला लागली! इथं बसलेल्या अनेकांना ही पद्धत माहीत आहे, तरी बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. मग तोडलेल्या उसाच्या टनांवर मजुरी धरून ती फेडायची. हंगाम संपताना फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि माणसं पुन्हा त्याच मुकादमाकडं बांधली जातात. ही मुलगी रोज संध्याकाळी फोन करून आईकडून त्या दिवशीच्या खेपा आणि वजन विचारायची. वहीत तारीखवार लिहायची. हंगामाच्या शेवटी मुकादमाचा हिशेब आला, तेव्हा तिनं वही शेजारी ठेवली. काही खेपा त्याच्या हिशेबात नव्हत्याच. तिनं तारखा सांगितल्या, पावत्या काढायला लावल्या, आणि बाकी कमी झाली. मुकादमाशी भांडण न करता. हे तिनं विशेष सांगितलं, कारण पुढच्या वर्षी त्याच्याकडंच जायचं होतं.

आता बघा. तारीखवार नोंद ठेवणं, दोन हिशेब शेजारी ठेवून तफावत शोधणं, पुरावा मागणं आणि ज्याच्या हातात आपली गरज आहे त्याच्याशी संबंध न तोडता आपलं म्हणणं पटवणं. बँकेत याला ताळमेळ म्हणतात, त्यासाठी माणसं पगारावर ठेवतात. आणि हिच्या बायोडाटात लिहिलेलं होतं, अनुभव नाही.

तिला हे काम ‘काम’ वाटत नव्हतं, उलट लाज वाटत होती. समोरच्या मालकाला ते दिसायचा प्रश्नच नव्हता, कारण तिनं ते झाकून ठेवलं होतं. आपल्या भागातल्या मुलांची पहिली अडचण आमच्या मते ही आहे. कौशल्य नसणं ही अडचण पुष्कळदा दुसऱ्या नंबरवर असते. स्वतःचं काम ओळखता येत नाही आणि सांगता येत नाही. शहरातला मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगला खुर्च्या मोजतो आणि बायोडाटात ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ लिहितो. त्याला नावं ठेवायची नाहीत, तो निदान सांगतो तरी.

सांगायचं कसं? तीन-चार वाक्यांत. अडचण काय होती. मी नेमकं काय केलं. ‘आम्ही केलं’ असं मोघम नको, तुमच्या वाट्याचं सांगा. त्यानं काय फरक पडला, जमलं तर आकड्यात. घरी जाऊन अशा पाच गोष्टी लिहून काढा. गणपती मंडळाचा हिशेब, आजारी माणसाला घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात काढलेले पंधरा दिवस, धाकट्या भावाचा अभ्यास, आडतीवर नेलेलं सोयाबीन, पीकविम्याचा भरलेला फॉर्म. आधी मराठीत लिहा. मोठ्यानं वाचा. ऐकायला एखादा मित्र घ्या आणि त्याला सांगा, कंटाळा आला की हात वर कर.

मांडणी हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आणि आपल्या गावाला तिचं वावडं असायचं कारण नाही. याच गावच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात पंचीकरणासारखा अवघड विषय कापडावर, पासोडीवर, आकृत्या काढून मांडला. आजच्या भाषेत प्रेझेंटेशनच की! असो, विषयांतर झालं.

दवाखान्याचं नाव निघालंच आहे, तर तिथलंच एक काम घेऊ. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्या गावात सत्तरच्या दशकात आलं आणि त्याच्याभोवती किती प्रकारचा रोजगार उभा राहिला, बघा. तिथं डॉक्टरच लागतात असं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयांमध्ये ‘आरोग्यमित्र’ असतात. त्यांचं काम काय? खेड्यातून घाबरलेला नातेवाईक येतो. हातात पिशवी, पिशवीत चुरगळलेलं रेशनकार्ड, आधारवर नाव एक आणि कार्डावर दुसरं. त्याला धीर द्यायचा, कोणता कागद कमी आहे ते त्याच्या भाषेत सांगायचं, तोच मजकूर संगणकावर बिनचूक भरायचा, डॉक्टरांशी वेगळ्या भाषेत बोलायचं आणि मंजुरी येईपर्यंत पाठपुरावा करायचा. मागं रांग लागलेली असते, कुणीतरी ओरडत असतं. आवाज न चढवता हे सगळं करायचं. हे काम कोणत्या विषयाच्या पेपरात येतं? कोणत्याच नाही. पण मराठीचा पदवीधर ते करू शकतो, समाजशास्त्राचा करू शकतो, बीएस्सीवाला करू शकतो. आणि गोल्ड मेडल असूनही एखाद्याला ते जमणार नाही. रोजगारक्षमता या जड शब्दाचा अर्थ आम्हाला त्या खिडकीपाशी सगळ्यात स्पष्ट दिसतो: ऐकणं, समजून घेणं, दोन भाषांमध्ये ने-आण करणं, बिनचूक लिहिणं आणि पाठपुरावा.

लिहिण्याबद्दल थोडं कडक बोलणार आहोत. आमच्याकडं येणारे अर्ज बघा. ईमेलला विषय नाही. आत एक ओळही नाही, नुसती जोडलेली फाईल, आणि फाईलचं नाव ‘नवीन डॉक्युमेंट १’. पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता ‘किंग’ किंवा ‘डॉन’ने सुरू होणारा. बारावीला तो काढला तेव्हा मजा वाटली असेल, पण त्या पत्त्यावर कुणी नोकरीचं पत्र पाठवत नाही. आज रात्री घरी गेलात की स्वतःच्या नावाचा एक साधा पत्ता उघडा, याला एक पैसा लागत नाही. आणि ‘सर हाय’ एवढा मेसेज टाकून दोन दिवस उत्तराची वाट बघू नका. नाव, कुठून, काय काम, कधीपर्यंत, हे चार शब्दांत पहिल्याच मेसेजात आलं पाहिजे. ज्यांना फक्त स्पर्धा परीक्षाच द्यायची आहे, त्यांनाही हे लागू आहे बरं का. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. गोल काळे करून भागायचे दिवस गेले, आता सलग चार परिच्छेद लिहावे लागतात.

आकड्यांचं तसंच. “एक्सेल येतं का?” “हो सर.” काय येतं? “टेबल करता येतं.” एक छोटा हिशेब विचारतो, इथंच करा. कापूस क्विंटलला ७,००० रुपये होता, ७,७०० झाला. किती टक्के वाढ? दहा, बरोबर. आता तोच ७,७०० वरून परत ७,००० वर आला. किती टक्के घट? … दहा म्हणणारे बरेच हात वर आहेत. दहा नाही, नऊ टक्क्यांच्या थोडं वर. कारण आता टक्केवारी ७,७०० वर काढायची. सूत्र सगळ्यांना पाठ होतं, पाया बदलला हे लक्षात आलं नाही. कंपन्यांना जे हवं असतं, आणि जे ते ‘विश्लेषणात्मक विचार’ असल्या नावानं मागतात, ते बरंचसं इतकंच असतं. त्यामुळं एक्सेल शिकायचं तर सॉर्ट, फिल्टर, पिव्होट जरूर शिका, पण स्वतःच्या घरच्या आकड्यांवर शिका. तीन वर्षांचं सोयाबीन, खर्च, उत्पन्न. उत्तर चुकलं तर लगेच कळेल, कारण खरं काय झालं ते तुम्हाला माहीत असतं.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न येणारच. आमचं मत स्पष्ट आहे. इंग्रजी म्हणजे अक्कल नव्हे. ज्या गावात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे तिथं तर हे सांगायचीही गरज पडू नये. पण इंग्रजी टाळून चालेल, असं सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही. त्याची स्वतःची मुलं बहुधा इंग्रजी शाळेत असतात. कामापुरती इंग्रजी मात्र वाटते तितकी अफाट नाही. सूचना वाचून समजणं, ईमेलला उत्तर देणं, फोनवर “पुन्हा सांगाल का” हे न लाजता म्हणता येणं, स्वतःच्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलता येणं. अस्खलित असायची अट कुणी घातलेली नाही, ती आपणच घालून घेतो आणि मग तोंड उघडत नाही. रोज एक परिच्छेद मोठ्यानं वाचा. सहा महिन्यांत जीभ वळते.

आता एआय. आर्टिफिशियल इंटेलिजन्समुळं नोकऱ्या जाणार का? जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालाचा अंदाज असा की २०३० पर्यंत जगभरात ९ कोटी २० लाख नोकऱ्या जातील आणि १७ कोटी नव्या येतील. आणि कामाला लागणाऱ्या मुख्य कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलतील. हा मालकांना विचारून काढलेला अंदाज आहे, भविष्यवाणी नाही. आणि गेलेली नोकरी एकाची असते, आलेली दुसऱ्याच गावात दुसऱ्याच माणसाला मिळते. बेरीज-वजाबाकीत हे दिसत नाही. डेटा एन्ट्री, साधी पत्रं, साधे तर्जुमे, म्हणजे आपल्या मुलांना पहिली नोकरी म्हणून जी कामं मिळायची, त्यांवर पहिला घाव आहे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय? ते वापरायला शिका आणि त्याची चूक पकडायला शिका. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. समजा, त्याच्याकडून जमिनीच्या कागदाचा सारांश करून घेतला आणि त्यानं आर आणि गुंठ्यांची गल्लत केली. एक एकर म्हणजे ४० गुंठे, हेक्टर म्हणजे १०० आर, आणि एक एकर भरतो साधारण ४०.४७ आर; आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, म्हणून गल्लत डोळ्यांत भरत नाही. शिवाय आकडा छान टाईप केलेला असतो, त्यामुळं खरा वाटतो. ज्याला बांधावरची जमीन ठाऊक आहे, तोच म्हणेल, थांबा, काहीतरी चुकतंय. तुमच्याकडं ती ओळख आहे. शेतीची, दवाखान्याची, बाजार समितीची, आपल्या बोलीची. तिच्यावर यंत्र वापरता आलं तर तुमची किंमत वाढते. नुसतं यंत्र वापरता आलं तर ते सगळ्यांनाच येतं.

सराव कुठं करायचा? अंबाजोगाईत कारखाने नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण कामं आहेत. न्यायालय आहे, दवाखाना आहे, बँका, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था आहेत. १९८२ पासून काम करणारी ‘मानवलोक’सारखी संस्था याच गावात आहे; पाणी, शेती, महिलांचे प्रश्न, यांत गावोगाव फिरून माहिती गोळा करणं म्हणजे काय, हे अशा ठिकाणी कळतं. सरकारी सोयही आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तेव्हा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी पासला सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये महिना असं विद्यावेतन ठेवलं होतं. शिकाऊ उमेदवारीची केंद्राची योजनाही पदवीधरांसाठी आहे. नियम, मुदती बदलत असतात, अर्ज करताना ताजे बघून घ्या. एक मात्र सांगतो. अशा ठिकाणी सहा महिने नुसत्या झेरॉक्स काढू नका. पहिल्या महिन्यात साहेबांना विचारा, “एक काम पूर्ण माझ्याकडं द्याल का?” आवक-जावक रजिस्टर संगणकावर आणणं असेल, जुन्या तक्रारींची यादी असेल. पूर्ण केलेलं एक काम दाखवता आलं, तर ते प्रमाणपत्रापेक्षा जड भरतं.

कॉलेजांनाही सोडून चालणार नाही, आम्ही स्वतः शिक्षक असलो तरी. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट आले. चांगलं झालं. पण ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणला आणि श्रेयांक मिळाले, असंही चालू आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात फसतो तो विद्यार्थीच. आणि सगळं ओझं मुलांच्या डोक्यावर टाकणं हाही अन्याय आहे. कौशल्य वाढवल्यानं तुमचा नंबर पुढं सरकतो. गावात नवी जागा निर्माण होत नाही. जागा निर्माण करणं हे सरकारचं, उद्योगांचं, सहकाराचं काम आहे. ते होत नसेल तर विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि विचारता येण्यासाठीही हीच कौशल्यं लागतात.

पालकांना एक विनंती. मुलगा ‘तयारी’ करत असेल तर त्याला चार-पाच वर्षं मिळतात. मुलीला किती मिळतात? बालविवाहांच्या प्रमाणात आपला जिल्हा राज्यात वरच्या क्रमांकात आहे. पदवीपर्यंत पोचलेली मुलगी ही त्या सगळ्यातून वाट काढून आलेली असते. तिला निकालानंतर सहा महिन्यांत स्थळं बघायला लागता आणि मग म्हणता, शिकून काय उपयोग झाला? मघाशी सांगितलेली वहीवाली मुलगी आठवा. घरातली बाकी कमी करणारी तीच होती. निदान दोन वर्षं द्या.

इथं थांबतो, आता प्रश्न. … हो, मागून विचारलंय, “पुण्याला जाऊन तयारी करावी का?”

याला हो-नाही असं उत्तर नाही. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास यांचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा, त्याला चोवीसनं गुणा, आणि तो आकडा वडिलांसमोर ठेवा. त्यांना न सांगता ‘बघू’ म्हणून निघू नका. जायच्या आधी तारीख ठरवा, किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा, तुमच्या मोबाईलमध्ये नको. आणि तिथं राहून दिवसाचे दोन तास पगाराचं काही काम करा, हिशेबाचं, शिकवणीचं, कुठलंही. अभ्यास बुडतो म्हणाल. दोन तासांनी बुडत नाही, आणि निवड झाली नाही तर परत येताना सांगायला काहीतरी असतं. पुढचा प्रश्न घेऊ, त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.